उचललेला विडा

"बाबा, मग मागच्या साली फौज का नाही निघाली?"

प्रश्न विचारला सरदार निंबाजींनी, आणि विचारून स्वतःच गोंधळले. आले होते आशीर्वाद मागायला! भर दरबारात मोहिमेचा विडा उचललेला, तो अजून मुठीत तसाच. घाटमाथ्यावर चिंचेखाली बसणाऱ्या लतीफबाबा फकिरांच्या पायांशी ठेवायचा, मग तोंडात घालायचा आणि घोड्यावर मांड ठोकायची, असा सगळा थाट मनात होता.

पण बाबांनी एवढंच विचारलं होतं, "कुठं निघालास, बेटा?"

"बंदरावर. तिथल्या नाईकानं आपल्या वकिलाची पगडी पाडली. राज्याची अब्रू गेली, बाबा!"

"अरेरे. आणि भाच्याचा काही तपास?"

झालं! सरदारांचं तोंड एवढंसं झालं.

मागच्या साली डोंगरापल्याडच्या पाळेगारानं त्यांच्या बहिणीचं गाव जाळलं होतं, माणसं गुरांसारखी हाकत नेली होती. त्यात तिचा एकुलता एक पोर. निंबाजींनी दरबारात पागोटं उतरवून फौज मागितली, तेव्हा महाराज म्हणाले होते, "सबुरीनं घ्या. लढाई फार वाईट."

"पगडी मोठी की पोर मोठं, बाबा? काही केल्या उमगत नाही. डोकं नुसतं भणभणतंय."

बाबांनी हात पुढे केला. विडा घेतला, उलगडला. आतली लवंग काढून उन्हात धरली.

"ही कुठली?"

"बंदरावरची. जहाजातून उतरते. जायफळ, वेलचीसुद्धा."

"आणि बहिणीच्या गावात काय पिकतं?"

"तिथं काय पिकणार? नाचणी. तीही पोटापुरती."

बाबा लवंग बोटांत फिरवत राहिले.

सरदारांना काहीतरी कळल्यासारखं वाटत होतं, आणि धड कळतही नव्हतं. बहिणीचा चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलेना.

बाबांनी पानातला सगळा मसाला झटकून टाकला. लवंग तेवढी दाढेखाली धरली, लबाड कुठले! मग भिक्षेच्या झोळीत हात घालून चिमूटभर नाचणी काढली, पानात ठेवली, नीट घडी घातली आणि विडा सरदारांच्या हातावर परत दिला.

"याचं काय करू, बाबा?"

"दरबारात तबकात नेऊन ठेव. कोण उचलतो, तेवढं मला येऊन सांग."