‘आपल्या घरी’चा पत्ता

एकदा एक हळदीचा व्यापारी संगणकविद्येच्या पाठशाळेत आला आणि पुढच्या खोलीतल्या यंत्रासमोर ठाण मांडून बसला. त्याच्या पेढीचं संकेतस्थळ तिथल्या एका शिष्याने नमुन्यादाखल तयार केलं होतं. पसंत पडलं तर काम त्याला, नाहीतर शहरातल्या कुणाला तरी. शिष्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ते हुकलं तर मुकाट्याने गिरणीवर दळायला बस, असं वडिलांनी बजावलं होतं.

संकेतस्थळ आतल्या खोलीत, शिष्याच्या यंत्रावर झकास चालत होतं. दोन्ही यंत्रं एकाच जाळ्यात जोडलेली होती. शिष्याने आतून हाक दिली, “शेठजी, लोकलहोस्ट असं टाइप करा!”

शेठजींनी केलं. पडद्यावर उत्तर उमटलं, इथे काही नाही.

“पुन्हा करा.”

“तेच करतोय रे मघापासून. दुकान आहे की नुसतीच पाटी?”

शिष्य जिद्दीचा. त्याने तार बदलली, शेठजींसमोरचं यंत्र बंद करून चालू केलं, अखेर शेठजींना चष्मा पुसायला सांगितलं. स्वतःची जागा सोडून अन्यत्र सर्व ठिकाणी चूक शोधण्याची चिकाटी त्याच्यापाशी होती.

इतक्यात माडीवर राहणारे वृद्ध आचार्य जिना उतरून आले. “शेठजी, जेवणवेळ झाली. आपल्या घरी दोन घास खाऊन घ्या, मग बघू,” असं म्हणून ते पुन्हा वर गेले.

शेठजी गेले ते तणतणतच परतले. “आचार्य, घरी चूलसुद्धा पेटलेली नाही! उलट बायकोच विचारते, तुम्ही आलात कसे?”

आचार्य खाली आले. “मी वर पान मांडून बसलो होतो.”

“मग तसं सांगायचं! ‘आपल्या घरी’ म्हणालात. आपल्या म्हणजे माझ्याच ना?”

शिष्याला हसू फुटलं.

“हसतोस काय?” आचार्य म्हणाले. “सकाळपासून तूही तेच सांगतो आहेस. लोकलहोस्ट म्हणजे ‘आपलं घर’. जे यंत्र हा शब्द ऐकतं, ते स्वतःच्याच घरात शोधतं. ते बिचारं आज्ञाधारक आहे. तू मात्र सगळं जग तुझ्याच खुर्चीत बसलंय असं धरून पत्ता सांगितलास.”

शिष्याचं हसू मावळलं. त्याने जाळ्यातला आपल्या यंत्राचा क्रमांक शोधून शेठजींना दिला. तरी संकेतस्थळ उघडेना. शेठजींनी टोपी चढवली.

“शेठजी, थोडं थांबा,” शिष्य म्हणाला. या वेळी त्याने तारेला हात लावला नाही. स्वतःच्या यंत्रासमोर बसून स्वतःचीच मांडणी ओळीओळीने वाचली. संकेतस्थळ फक्त घरातल्याच हाकेला ओ देत होतं. बाहेरच्यांनाही उत्तर दे, असं त्याने तिथे लिहिलं. यंत्राच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, तेवढं एक दार उघडं ठेवायला सांगितलं.

पुढच्या खोलीत पडदा पिवळाधमक झाला. शेठजी पडद्याजवळ वाकले.

“रंग जरा फिका आहे,” ते म्हणाले, “पण काम तूच कर. आता पेढीवर माझ्या भावाला हे दिसेल ना?”

‘हो’ शिष्याच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने विचारलं, “त्यांचं यंत्र कुठल्या जाळ्यात आहे, शेठजी?”

आचार्यांनी तो प्रश्न ऐकला आणि ते जिना चढू लागले.