अकरा पानांचं तोरण

"…मग आता जिंकायचं काय राहिलं, अप्पा?"

विरूपाक्षानं हे विचारलं, तेव्हा मी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसलो होतो. अप्पा खांबाला टेकून बसले होते. अप्पा आमच्या मठाचे गुरू, वय ऐंशीच्या पुढं. विरूपाक्ष त्यांचा लाडका शिष्य. मी मठाचा आचारी. मला सगळे मामाच म्हणतात.

विरूपाक्षानं वर्षापूर्वी एकधान्य धरलं होतं. वर्षभर एकच धान्य खायचं, दुसरं तोंडात घालायचं नाही. त्यानं ज्वारी निवडली. भाकरी, कण्या, घुगऱ्या, वर मीठ आणि पाणी. डाळ नाही, दूध नाही, भाजीचं पानसुद्धा नाही. जेवून झालं की तो आपल्या खोलीबाहेरच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायचा.

तीनशे त्रेसष्ट रेघा झाल्या होत्या. आजची आणि उद्याची, दोनच राहिल्या होत्या.

उद्या उद्यापन होतं. गावातून मिरवणूक निघणार होती, आणि मिरवणुकीनंतर गावातल्या चाळीस बायका विरूपाक्षाच्या हातून हेच व्रत घेणार होत्या.

"जीभ जिंकली," विरूपाक्ष म्हणाला. "भूक जिंकली. आता पुढचं सांगा."

अप्पा त्याच्या पायाकडं बघत होते. दोन महिन्यांपूर्वी टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, जखम राहिली. चिंधी अजून बांधलेलीच होती.

"पाय कसा आहे?"

"भरेल हळूहळू."

"हळूहळू…" अप्पा म्हणाले.

तेवढ्यात महानंदा आली. तेलंग्यांची सून. काखेला पाच महिन्यांची मुलगी. तिचं पहिलं लेकरू गेलं होतं. हे तरी जगावं म्हणून चार महिन्यांपूर्वी तिनं विरूपाक्षाच्या पायावर डोकं ठेवून वर्षाचं एकधान्य धरलं होतं. विरूपाक्षासारखीच ज्वारी.

तिच्या पायांवर सूज होती. पैंजण रुतलेले मला लांबून दिसले.

"महाराज, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येलालीय," ती म्हणाली. "अन् दूध पुरंना झालंय लेकराला. नर्सबाई म्हणल्या, डाळ खा, दूध पी. मी म्हणलं, महाराजांना विचारल्याबिगर न्हाई."

विरूपाक्ष हसला. त्याचं हसू गोड होतं, आणि त्यात शंका नावाला नव्हती.

"नर्सबाईंना शिकवतात तेवढं त्या सांगतात, ताई. मी शेतीचं शिकलोय. ज्वारीत शंभर भागांत दहा भाग प्रथिनं असतात. अंगाला लागतात ती हीच. कमी वाटलं तर एक भाकरी जास्त खायची."

"खाते की. दोनाच्या चार केल्या."

"मग पाच कर."

महानंदानं मान डोलावली आणि बायकांच्या बाजूला सावलीत जाऊन बसली. तिनं मुलीला पदराखाली घेतलं. मुलगी ओढायची, सोडायची, रडायची. रडणंही बारीक होतं, ओसरीपर्यंत जेमतेम पोचत होतं.

मला विरूपाक्षाचा राग आला. खोटं कशाला बोलू, राग जुनाच होता. वर्षभर हा माणूस माझ्या वरणाकडं पाठ करून जेवत होता. पण त्या दिवशीचा राग वरणापायी नव्हता.

अप्पा उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात टोपलं होतं आणि दुसऱ्या हातात आंब्याच्या पानांची छोटी जुडी.

दसरा-दिवाळी सरली होती आणि शेतात झेंडूला कुणी विचारत नव्हतं. लोकांनी उद्यापनासाठी टोपली भरभरून आणून टाकली होती. आतली खोली नुसती पिवळी झाली होती.

"उद्याचं तोरण तूच कर," अप्पा म्हणाले. "आपली रीत ठाऊक आहे ना?"

"पाच फुलं, एक पान. पाच फुलं, एक पान."

"दार पूर्ण भरलं पाहिजे. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

विरूपाक्ष खुशीत बसला. स्वतःच्या उद्यापनाचं तोरण. सुई भराभर चालली. पाच फुलं, एक पान. अप्पा शेजारी बसून बघत राहिले.

थोड्या वेळानं सुई थांबली.

"पानं संपली, अप्पा. अकराच होती."

"तोरण कुठवर आलं?"

त्यानं उठून दाराला धरून पाहिलं. "निम्म्यावर."

अप्पा आत गेले. झेंडूचं आणखी एक टोपलं आणून त्यांनी त्याच्यापुढं ठेवलं.

"अप्पा, फुलं नकोत. पानं हवीत."

अप्पा पुन्हा आत गेले. आणखी एक टोपलं.

"अप्पा, अंगणात आंबा उभा आहे. चार पानं तोडून आणतो."

"झाडाला हात लावायचा नाही."

"का?"

अप्पांनी आणखी एक टोपलं आणून थेट विरूपाक्षाच्या मांडीवर उपडं केलं. फुलं गडगडत माझ्या सुपात आली. ऐंशी वर्षांचा माणूस धापा टाकत पुन्हा आत निघाला, तेव्हा विरूपाक्षाचा आवाज चढला.

"अप्पा, गावातला सगळा झेंडू ओतलात तरी हे तोरण बोटभर पुढं सरकायचं नाही! अडलंय ते पानासाठी!"

अप्पा उंबऱ्यात थांबले. वळले.

"मग महानंदाला काय सांगितलंस?"

…

मी डाळ निवडायची थांबवली.

विरूपाक्षाच्या हातात सुई तशीच राहिली. सावलीतून मुलीचं बारीक रडणं येत होतं. त्यानं त्या आवाजाकडं मान वळवली. मग बोलला, पण आता त्याचा आवाज शाळेत उभं केलेल्या मुलासारखा झाला होता.

"प्रथिन म्हणजे एकच एक वस्तू नसते. त्यात वीस तऱ्हेचे मणी असतात. अमिनो आम्लं. त्यातली नऊ अंगाला स्वतः करता येत नाहीत. ती खाण्यातूनच यावी लागतात."

"ज्वारीत नऊही आहेत?"

"आहेत."

"पुरेशी?"

"…एक कमी आहे. लायसीन."

"आणि मामांच्या सुपात?"

विरूपाक्षानं माझ्या सुपाकडं पाहिलं. डाळीत झेंडू पडलेला होता.

"त्यात ते भरपूर असतं."

"एक कमी पडलं, की बाकीच्या आठांचं काय होतं?"

"जेवढं ते एक आहे, तेवढ्यापुरतंच अंग घडतं. बाकीचं…" तो मांडीवरच्या फुलांकडं बघत म्हणाला, "बाकीचं अंग जाळून टाकतं. साठवून ठेवता येत नाही."

अप्पा खाली बसले. त्याच्या टाचेची चिंधी सोडून त्यांनी जखम उघडी केली. दोन महिन्यांची जखम, काठ अजून कच्चेच होते.

"हे सगळं तुला ठाऊक होतं?"

"परीक्षेत लिहिलं होतं."

अप्पा हसले नाहीत. मला मात्र हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"तिला सांगतो," विरूपाक्ष म्हणाला. "आत्ता सांगतो, व्रत सोड म्हणून."

तो लंगडत सावलीत गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. महानंदा घाईघाईनं उभी राहिली, तोल गेला तशी भिंतीला धरलं, आणि जोरजोरात मान हलवू लागली. तिचं बोलणं मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

"मला परीक्षेत घालू नका, महाराज! तुम्ही नाही सोडलंत, अन् मी सोडू? माझ्या लेकराला काही झालं मग?"

तो परत आला.

"ऐकत नाही."

"ऐकून धरलं नव्हतं तिनं," अप्पा म्हणाले. "बघून धरलं होतं."

…

विरूपाक्षाला समजलं. समजलं ते मला त्याच्या मानेवरून कळलं. ती आधी ताठ झाली, मग खाली गेली.

"अप्पा, एक दिवस. उद्या माझं पुरं होऊ दे. परवा सगळ्यांसमोर मीच डाळ खातो. तिलाही वाढतो. वर्षातला एकच दिवस मागतोय."

"माझी हरकत नाही."

विरूपाक्षानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"फक्त महानंदाच्या तान्ह्या मुलीला विचारून ये," अप्पा म्हणाले. "परवापर्यंत थांबतेस का म्हणावं."

दुपारी पंगत बसली. त्या दिवशी पन्नासएक माणसं होती. विरूपाक्ष रोज आपल्या खोलीत एकटा जेवायचा, ताट मीच नेऊन द्यायचो. त्या दिवशी ताट घेऊन गेलो तर खोली रिकामी होती.

तो पंगतीत बसला होता. मधोमध, बायकांच्या ओळीतून दिसेल असा.

वरणाचं पातेलं घेऊन मी वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलो. वर्षभर त्याला वरण वाढलंच नव्हतं, त्या सवयीनं पुढं निघालो.

"मामा."

मी थांबलो.

"वाढा."

माझा हात पुढं होईना. राग राग करत होतो ना मी त्याचा? पण वर्षभर त्याच्या भाकऱ्या मीच थापल्या होत्या. तीनशे त्रेसष्ट दिवस. आज वरणाचा डाव घालणारा हातही माझाच.

"महाराज, उद्या तर…"

"वाढा, मामा. निवतंय."

मी वाढलं. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "बुडवलं की ओ वर्ष!" विरूपाक्षानं भाकरी चुरली, वरणात कालवली आणि पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. दुसरा घास घेतला. तिसरा.

मग त्यानं मान वर करून महानंदाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

तिच्या ताटात पाच कोरड्या भाकऱ्या होत्या. मांडीवर मुलगी होती. ती एकदा विरूपाक्षाच्या ताटाकडं बघायची, एकदा मुलीकडं. सगळी पंगत घास हातात धरून बसली होती.

महानंदानं तीन भाकऱ्या उचलून बाजूला ठेवल्या. ताट पुढं सरकवलं.

मी दोन डाव वाढले. तिसराही वाढला.

संध्याकाळी मिरवणूक रद्द झाल्याचा निरोप गावात गेला. काही लोक चिडले, काही हसले. चाळीस बायकांचं व्रत घेणंही राहिलं. विरूपाक्ष ओल्या फडक्यानिशी आपल्या खोलीबाहेर उभा होता. भिंतीवर तीनशे त्रेसष्ट रेघा होत्या. मी आणि अप्पा अंगणातून येत होतो. अप्पांच्या हातात आंब्याची ताजी पानं होती.

फडकं भिंतीला लागणार, तोच अप्पांनी त्याचं मनगट धरलं. खाली वाकून कोळशाचा तुकडा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"पुसतोस काय? आजची रेघ राहिली आहे."