हारामागची पाटी

यंत्रंही एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. रंगरावांच्या पिठाच्या गिरणीत एक पत्र्याची पाटी होती. 'पट्टा चालू असताना जवळ जाऊ नका,' एवढंच ती दिवसभर सांगायची. खंडेनवमीला रंगरावांनी यंत्रांबरोबर तिचीही पूजा करून झेंडूचा जाडजूड हार घातला. अक्षरं झाकली गेली. हार सुकला, तरी पूजेचा म्हणून कुणी काढेना.

"केवढा मान तुझा," पट्टा म्हणाला.

"मान कसला? माझं तोंड बांधलंय."

एकदा नवी आलेली हौसाबाई पीठ झाडताना चालू पट्ट्याशी वाकली. पदर लोंबत होता. पाटीने जीव एकवटून अंग झटकलं आणि ती हारासकट खाली आदळली. हौसाबाई दचकून मागे सरली.

रंगरावांनी गिरणी बंद केली, पाटी उचलून पुसली.

"मालक, काय लिहिलंय हो? मला वाचता येत नाही."

"हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, हौसाबाई."

संध्याकाळपर्यंत पट्ट्याभोवती जाळी बसली.

पुढच्या खंडेनवमीला रंगरावांनी सगळ्यांना जवळ बोलावून पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

"यंदा तुला हार नाही," पट्टा हळहळला.

"नसू दे," पाटी म्हणाली. "यंदा मालकांनी मला वाचलं."