पंख्याच्या जागचा डोळा

"...मग ही गेलीच म्हणायची का, उस्ताद?"

बाबालाल उस्ताद पुढं वाकले. बाकड्यावरची मोटर त्यांनी नुसती हातानं फिरवून पाहिली.

शिवगोंडा त्यांच्या हातांकडं बघत होता. एकोणीस वर्षं उस्तादांच्या हाताखाली काम करून तीन वर्षांपूर्वी याच दुकानातून तो उठून गेला होता. जाताना दोन शब्द बोलला नव्हता. शेजारच्या गल्लीत स्वतःची पाटी लावली, तीही उस्तादांच्या पाटीपेक्षा हातभर मोठी. काम शिकण्याआधी पाटी रंगवणाऱ्यातला नव्हता तो, पण माज होताच. आज मोटर काखेत मारून तोच उंबरा चढून आला होता.

मोटर डेअरीतल्या पिशव्या भरणाऱ्या मशीनची. सर्वो, म्हणजे मशीन सांगेल तिथं नेमकी थांबणारी. बेअरिंग आवाज करत होतं, एवढंच. यानं बेअरिंग बदललं, आणि मशीनवर चढवल्याबरोबर मोटर पिसाळल्यासारखी झटके देऊन बंद पडली. त्याला तीन दिवस झाले; आज संध्याकाळपर्यंत मशीन चाललं नाही तर डेअरीची पायरी चढायची नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"मागचं झाकण काढलंस?"

"काढलं."

"आत काय होतं?"

"काळी डबी होती. पंखा असतो त्या जागी. काढली, परत बसवली."

"कशी?"

"पंखा बसवतो तशी..."

उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पंखा कसाबी बसव, वारा घालतो. ही डबी म्हंजे डोळा हाय, लेका. आतलं चुंबक कुठवर आलंय ते मशीनला सांगतो. तू उपटलास आन् मानेमागं लावलास. खूण तरी केलीतीस?"

"बावीस वर्षांत कुठल्या मोटरीला खूण केलीय?"

बोलला आणि जीभ चावली.

उस्ताद उठले. स्कूटरची बॅटरी आणली, करंट जास्त जाऊ नये म्हणून मधे एक दिवा जोडला, आणि मोटरीच्या दोन वायरींना टोकं लावली.

खाट्कन शाफ्ट आपोआप फिरला आणि थांबला.

"हलव."

शिवगोंडानं पकडून पिळला. शाफ्ट थोडा हलला, आणि सोडताच परत तिथंच जाऊन बसला.

"साधी मोटर असं करंल?"

"...नाही."

"तिच्या आत नुसत्या सळया. कॉइल फिरवंल तशी मागनं फिरती. तिला सोताची जागाच नाही. हिला हाय. आता हिची जोडीदार, अशीच दुसरी मोटर, मशीनवरच हाय न्हवं? तिला अशीच बॅटरी लाव. डबीच्या फिरत्या चकतीवरची रेघ कुठं येती बघ. हिची रेघ तिथंच आणून आवळ. आन् तिची डबी काढू नको, मेहेरबानी कर!"

शिवगोंडा मोटर उचलून पळाला.

पाचच्या सुमाराला तो परत आला. हातावर दुधाचे शिंतोडे, तोंडभर हसू. तीन दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखा बाकड्यावर टेकला.

"चालली, उस्ताद! पिशव्या धडाधड पडायला लागल्या."

उस्तादांनी मान हलवली. चहाचा दुसरा कप त्याच्यापुढं सरकवला.

शिवगोंडानं दोन घोट घेतले. तेव्हा न बोललेले दोन शब्द आज बोलावेसे वाटत होते, पण ते तोंडातून निघेनात. शेवटी म्हणाला,

"साधी मोटर असती, तर हा एवढा ताप झालाच नसता बघा."

उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. फुंकायचे थांबले.

"साधी असती, तर तू आला असतास?"