देवशेतचा खांदा

सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, खाडीकडे उतरणारी ही दगडी पायऱ्यांची पाखाडी दिसते ना, तिला आमच्या देवशेतात ‘भटाची वाट’ म्हणतात. इथून वरात नेत नाहीत.

फार जुनी गोष्ट. गावात विश्वंभरभट नावाचा मोठा विद्वान होता, असे सांगतात. एका वर्षी देवीची साथ आली. घरोघर मुले गेली. गावाने देवीला रेड्याचा नवस बोलला. तेव्हा विश्वंभरभट म्हणाला, “देवी रागावलेली नाही. राग माणसाला येतो. जे जे आहे ते सारे देवच, मग तो रागावेल कुणावर?”

त्याच आठवड्यात गावचे प्रमुख धोंडशास्त्री यांचा मुलगा गेला. भटाच्या बोलण्यानेच देवी कोपली, असे म्हणत शास्त्र्यांनी सभा बोलावली. “चुकलो म्हण, आम्ही विसरू,” ते म्हणाले. विश्वंभरभटाच्या विधवा बहिणीने, येसूने, भावाचे पाय धरले म्हणे.

“जे कळलंय, ते कळलं नाही असं कसं म्हणू?” एवढेच तो बोलला.

गावाने त्याला वाळीत टाकले. आगपाणी बंद, बोलणे बंद. सड्यावरच्या झोपडीत राहून तो बंदरातल्या व्यापाऱ्यांसाठी दुर्बिणींची भिंगे घासू लागला. काचेची पूड छातीत बसली. गावाच्या धाकाने येसूही त्याच्याशी बोलेना. लाकडे आणायला सड्यावर जायची, त्याचा खोकला ऐकायची आणि परत यायची. एके दिवशी खोकला ऐकू आला नाही.

येसू दारोदार फिरली. खांदा द्यायला कुणी उठले नाही. तिने तिरडी बांधली आणि एकटीने या पाखाडीवरून ओढत खाडीकाठी नेली. अग्नीही तिनेच दिला. लोक दारे लावून पायऱ्यांवरून तिरडी घासत गेल्याचा आवाज ऐकत बसले. चमत्कार काही झाला नाही.

पुढे धोंडशास्त्र्यांनाही देवी आल्या आणि ते गेले. भीतीने कुणी त्यांच्या अंगणात फिरकेना. येसू मात्र गेली आणि तिरडीपाशी उभी राहिली.

“तुम्ही?” शास्त्र्यांच्या सुनेने विचारले.

“एकटीनं ओढताना काय होतं, ते मला ठाऊक आहे,” येसू म्हणाली आणि खाली वाकली. तेव्हा कुठे एकेक दार उघडले.

आजही देवशेतात कुणीही गेले, तरी बोलावण्याची वाट न पाहता घरटी एक माणूस येते. बायाही खांदा देतात. विश्वंभरभटाचे म्हणणे खरे की खोटे, यावर गावात अजून वाद होतो. पण गेलेला माणूस काय मानत होता, हे तिरडी उचलताना कुणी विचारत नाही.