निंगव्वाचा सुंभ

फार फार वर्षांमागे, खाडीला बांध घालून करवणे गाव शेती करत होतं, तेव्हाची ही गोष्ट. कानडी मुलुखात दुष्काळ पडला आणि तिकडून घाट उतरून एक बाई या गावात आली. नाव निंगव्वा. नवरा वाटेतच गेला होता. पाठीवर आंधळी सासू, दोन हातांना दोन लेकी. मराठीचं अक्षर येत नव्हतं. असं म्हणतात, तिच्या पायांच्या भेगांत सात गावांची माती होती.

रावजी गावकर म्हणजे गावचा कारभारी. तो म्हणाला, "बाये, तुला ना भरती कळत, ना ओहोटी. तुझ्या पोरी खाडी गिळेल. राहायचं तर रोज एक नवी गोष्ट शिकायची. ज्या दिवशी थांबशील, त्या दिवशी बिऱ्हाड उचल!"

त्याला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. पण तिला लेकींना घेऊन पुन्हा रस्त्यावर जायचं नव्हतं, काही झालं तरी नाही. एक गोष्ट शिकली की ती हातभर सुंभ वळायची. नारळाच्या काथ्याचा तो दोर तिने झोपडीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, गुंडाळत नेला. पहिल्या दिवशी पोरांनी तिला शिवी शिकवली. दुसऱ्या दिवशी तिने ती गावकरालाच नमस्कार म्हणून घातली! हसताय काय? तोही हसला होता.

कोळणींकडून ती तिथीवरून भरती सांगायला शिकली, सुताराकडून होडीच्या फटी बुजवायला, सुइणीकडून बाळंतपण. सासूला ती रोजचं शिकलेलं सांगायची आणि मगच दोघी जेवायच्या. लेकींची लग्नं गावातच झाली. लोक म्हणाले, "आता पुरे गं, तू आमचीच." ती म्हणाली, "शब्द दिलाय." सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, त्यातली ती.

एकच गोष्ट तिला कोणी शिकवली नाही. बांधातलं साचलेलं पाणी खाडीत सोडायचं दार, म्हणजे उघाडी. ती कशी उघडायची हे फक्त गावकराच्या घराला ठाऊक. ती दर वर्षी विचारायची आणि तो दर वर्षी म्हणायचा, "हे बाहेरच्याला सांगत नाहीत."

मग श्रावणी पुनवेचं उधाण आलं. मागे कोणी वारस न उरलेला म्हातारा रावजी एकटाच उघाडीकडे निघाला. निंगव्वाची नात बसवी बांधावर कुर्ल्या धरत होती. एवढ्यात बांध दोन्हीकडून फुटला आणि दोघं मधल्या उरलेल्या तुकड्यावर अडकली. होडी टिकेना. निंगव्वा धावत सुंभ घेऊन आली. गावाने तो फेकला आणि, देवा रे, हातभर कमी पडला!

"म्हातारे, वळ की अजून हातभर!" लोक ओरडले.

"आज काही शिकले नाही. न शिकता वळलेला पीळ उलगडतो," ती म्हणाली. पलीकडे नात रडत होती. तिने बेंबीच्या देठापासून हाक मारली, "गावकरदादा, उघाडी शिकवा!"

रावजीने पोरीकडे पाहिलं, चढत्या पाण्याकडे पाहिलं. आपल्याबरोबर उघाडीची विद्याही बुडणार, हे त्याला तेव्हा कळलं. तो ओरडला, "आधी वरची फळी काढायची, मग खालची! उलट केलंस तर बांधच वाहून जाईल!"

"आधी वरची, मग खालची," म्हणत तिने हातभर सुंभ वळला. या खेपेला तो पोचला. आधी बसवी आली, मग रावजी. असं म्हणतात, गावाच्या ओढीने झाड उपटलं असतं, पण सुंभाचा एक धागा तुटला नाही. ओहोटी लागली तशी उघाडी निंगव्वानेच उघडली. रावजी भिजलेल्या धोतराने बाजूला उभा होता. तिने त्याला विचारलं, "आता उद्या काय शिकवता?"

करवण्यात अजूनही नवी सून आली की मेढीला सुंभ बांधतात. त्याचा पहिला हात सासू वळते, तोही सुनेकडून काहीतरी शिकून. आणि उघाडी कशी उघडायची, हे गावात सगळ्यांत शेवटी आलेल्या घराला सगळ्यांत आधी शिकवतात.