मधोमधची जागा

नवलपूर नावाच्या नगराला हुतूतूचे वेड होते. वेड म्हणजे खरोखरीचे वेड. तिथल्या पोराला वाचा फुटली की ते आधी 'हुतूतू' म्हणते आणि सवड मिळाली तर मग 'आई' म्हणते, असे आसपासच्या गावांतले लोक हसून सांगत. नगरात पेठा दोन, एक वरची आणि एक खालची. दोन्ही पेठांचे दोन संघ. वरच्या पेठेचा संघ कापडवाल्या लखूशेठने पोसलेला, खालच्या पेठेचा धान्यवाल्या अंबरशेठने. गड्यांचा पगार, दूध, तूप, बदाम, सगळे शेठच्या घरून यायचे. गड्यांचे काम खेळायचे आणि उरलेल्या नगराचे काम त्यावरून भांडायचे.

या भांडखोर नगरात दोन्ही पेठांना मान्य असलेला एकच माणूस होता. तो म्हणजे सामन्यांचा पंच केरोबा. गड्याचा दम सुटला की नाही, पाय रेषेला शिवला की नाही, हे केरोबाने सांगायचे आणि सगळ्यांनी मुकाट ऐकायचे. त्याचा बापही पंच होता. आपल्या नि:पक्षपातीपणाला केरोबा जिवापाड जपे. वरच्या पेठेत लग्नाला गेला आणि दोन लाडू खाल्ले, तर खालच्या पेठेतल्या लग्नातही तो दोनच खाई. तिसरा कोणी आग्रहाने वाढला तर त्याला घाम फुटे.

सामने राजवाड्यासमोरच्या पटांगणात होत. पण माणसे वाढली आणि पटांगण पुरेनासे झाले. एका सामन्यात बघ्यांच्या ओझ्याने लाकडी माच मोडून पडला. कोणाचा हात गेला, कोणाचा पाय. तेव्हा राजाने ठरवले की दोन्ही संघांसाठी मिळून एक पक्के क्रीडांगण बांधायचे, चहूबाजूंनी दगडी पायऱ्यांचे. सगळ्या नगराने टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी विचारले, "बांधायचं कुठं?" आणि टाळ्या थांबल्या.

लखूशेठ दरबारात उभे राहिले. "महाराज, वरची पेठ उंचावर आहे. पावसाचं टिपूस साचत नाही. क्रीडांगण तिथंच शोभेल."

अंबरशेठ बसूनच म्हणाले, "शोभेल खरं. पण तो चढ चढून माणूस वर पोचेपर्यंत सामना संपलेला असेल. खालची पेठ सपाट आहे. पाणी आहे, सावली आहे."

"आणि चिखल आहे," लखूशेठ म्हणाले.

दोघांच्याही मनातली गोष्ट कोणीच बोलत नव्हते. जिथे क्रीडांगण, तिथे गर्दी. जिथे गर्दी, तिथे दुकाने. ज्या पेठेला जागा मिळेल ती भरभराटीला येणार आणि दुसरी माशा मारत बसणार. हे दोन्ही शेठना कळत होते आणि राजालाही कळत होते.

वाद दरबारातून रस्त्यावर आला. पाणवठ्यावर बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर धावल्या. वरच्या पेठेतल्या न्हाव्याने खालच्या पेठेतल्या माणसाची अर्धीच दाढी करून त्याला उठवले. पुढे दगड आले. एका संध्याकाळी अंबरशेठच्या सलामीच्या गड्याचे डोके फुटले आणि राजाची झोप उडाली. त्याने केरोबाला बोलावले.

"दोघांनाही तूच मान्य आहेस," राजा म्हणाला. "जागा तू ठरव. तुझा निकाल तोच माझा हुकूम."

केरोबा मुजरा करून निघाला. घरी येताना त्याला वाटेत लोक थांबून नमस्कार करू लागले. ते रोजच करत, पण आज प्रत्येक नमस्कार त्याला दमदाटीसारखा वाटत होता. वरची पेठ म्हणावे तर खालचे म्हणणार, पंच विकला गेला. खालची म्हणावे तर वरचे म्हणणार. बापजाद्यांपासून चालत आलेले नाव एका शब्दात मातीत जाणार. जेवायला बसला तर नुसताच भात चिवडत राहिला.

त्याची बायको यमुना म्हणाली, "अहो, भात काय पळून जाणार आहे? बाकी सगळं सोडा, तुम्हांला स्वतःला काय बरोबर वाटतं?"

"मला काय वाटतं हा प्रश्नच नाही," केरोबा वैतागून म्हणाला. "कोणी माझ्याकडे बोट दाखवता कामा नये, हा प्रश्न आहे."

यमुनेने ताटावर झाकण ठेवले.

सामन्याआधी मैदान आखायचे असले की केरोबा दोर घेई. दोन्ही टोकांना दोन्ही संघांचे नायक धरून उभे राहत. केरोबा दोराचा मध्य काढी आणि तिथे चुन्याची फक्की टाकून मध्यरेषा ओढी. त्या रेषेवरून आजवर कधी भांडण झाले नव्हते, कारण दोघांच्या देखत दोघांच्याच हातांनी ती मोजलेली असे. विचार करकरून डोके शिणले तेव्हा केरोबाला हेच आठवले. नगर तरी काय, एक मोठे मैदानच. दोन पेठा, दोन बाजू. मधोमध जागा काढली की कोणाला तोंड उघडायला जागाच उरणार नाही. त्याला इतके हलके वाटले की त्याने झाकून ठेवलेला भात काढून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोरांना दोर जोडले. एक टोक वरच्या पेठेच्या नायकाने आपल्या तालमीच्या उंबऱ्यावर धरले, दुसरे खालच्याने आपल्या. दोघांनीही आपापल्या बाजूला थोडे ओढून पाहिलेच. केरोबाने दोन्हीकडे डोळे वटारले. मग त्याने मध्य काढला. तो आला कुंभारआळीत.

कुंभारआळी तळ्याच्या काठाला होती. दहा-बारा झोपड्या, पुढे मातीचे ढीग, मागे भट्ट्या. कुंभार ना वरच्या पेठेचे, ना खालच्या. मडकी दोन्हीकडे विकायची असल्यामुळे ते कोणाच्याच बाजूने ओरडत नसत. दरबारात त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि आपल्याला बोलावले नाही हे त्यांच्याही लक्षात आले नव्हते.

केरोबाने दरबारात निकाल सांगितला. दोन्ही शेठनी एकमेकांकडे पाहिले. जागा आपल्याला मिळाली नव्हती, पण समोरच्यालाही मिळाली नव्हती. दोघांना ते फारच आवडले.

"आणि तिथले कुंभार?" राजाने विचारले.

"त्यांना नदीपलीकडं जागा द्यावी, महाराज," केरोबा म्हणाला. हे वाक्य त्याने कसलाही विचार न करता म्हटले होते. तेवढ्यात पंचाचा जयजयकार सुरू झाला आणि त्याला विचार करायची गरजही पडली नाही.

पायाची आखणी करायला तो फक्कीची पाटी घेऊन आळीत गेला. रेषा ओढत ओढत तो एका भट्टीपाशी आला. भट्टीसमोर ठकूबाई नावाची कुंभारीण कच्ची गाडगी उन्हात मांडत होती. तिच्या पायाजवळ येऊन रेषा थांबली, कारण ती बाजूला झाली नाही.

"जरा सरा, बाई."

"कुठं सरू?" ठकूबाई म्हणाली. "पलीकडं पाणी आहे नि अलीकडं तुमची रेघ."

"नदीपल्याड जागा मिळणार आहे तुम्हांला. महाराजांनी शब्द दिलाय."

"पल्याड सगळी वाळू आहे, पंच. वाळूची गाडगी होतात का? ही तळ्याची माती आहे म्हणून आमची चूल पेटते." तिने हातातले गाडगे खाली ठेवले. "तुम्ही वरून मोजलंत, खालून मोजलंत. आमच्या दारातून कुणी मोजलं?"

केरोबाने हातातल्या पाटीकडे पाहिले. खेळाच्या मैदानात मध्यरेषेवर कोणाचे घर नसते. नगरही तसेच असेल असे तो धरून चालला होता. त्याने कशीबशी भट्टीला वळसा घालून रेषा पुढे नेली. त्याची रेषा वाकडी झाल्याचे नगराने प्रथमच पाहिले.

त्या दिवसापासून केरोबाच्या जिवाला चैन पडेना. पूर्वी दोन पेठांची भीती होती, आता त्या दोन्ही खूश होत्या आणि भीती तर वाढली होती. निकाल फिरवावा असे मनात येई आणि लगेच तो विचार झटकून टाकी. कारण नवलपुरात रीत होती: ज्या पंचाने दिलेला निकाल मागे घेतला, त्याने आपला फेटा मध्यरेषेवर ठेवायचा, अनवाणी मैदानाबाहेर जायचे आणि पुन्हा कधी पंच म्हणून उभे राहायचे नाही. असे करावे लागलेला पंच केरोबाच्या माहितीत एकही नव्हता. आपण पहिले ठरलो तर? माप तर बरोबरच होते ना? दोघांनी कबूल केले होते ना? असे तो स्वतःलाच दिवसभर विचारी आणि स्वतःच हो म्हणे. उद्या बघू, असे म्हणत त्याने पायाभरणीचा दिवस उजाडू दिला.

कुंभारआळीत मांडव पडला होता. हलगी कडाडत होती. एका बाजूला लखूशेठचे गडी, दुसऱ्या बाजूला अंबरशेठचे, मध्ये राजा. मजुरांनी घाई करून पहिली भट्टी सकाळीच पाडली होती. ती ठकूबाईची होती. आत भाजत घातलेली मडकी तशीच फुटून विटांत मिसळली होती. कुंभार गाढवांवर बोचकी लादून कडेला उभे होते. कोणी रडत नव्हते, कोणी शिव्या देत नव्हते. ठकूबाई त्या ढिगाऱ्यातून धड राहिलेली गाडगी शोधून काढत होती आणि एकेक वाजवून बघत होती.

राजाने नारळ केरोबाच्या हातात दिला. "तुझा निकाल, तुझाच मान."

केरोबाने नारळ धरला. आत्ता नारळ फोडला की सगळे संपले. टाळ्या, पेढे, मिरवणूक. बापाचे नाव राखले जाईल. त्याने हात वर नेला. तो वरच राहिला. हलगीवाला थांबला. राजाने भुवया उंचावल्या.

केरोबाने हात खाली घेतला, नारळ जमिनीवर ठेवला आणि डोक्याचा फेटा काढून पांढऱ्या रेषेवर ठेवला.

"महाराज, माझा निकाल चुकला."

"माप चुकलं?"

"माप बरोबर होतं. मोजताना मी दोघांनाच धरलं, ते चुकलं. ही दोघं ओरडत होती म्हणून मला दिसली. इथं कोणी ओरडत नव्हतं, म्हणून ही जागा मी रिकामी समजलो. खरं सांगायचं तर मी न्याय शोधतच नव्हतो. माझ्यावर बोल येणार नाही अशी जागा शोधत होतो."

मग अंबरशेठच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "फितूर!" लखूशेठच्या बाजूने लगेच साथ मिळाली. जन्मात कशावरही एकमत न झालेल्या दोन पेठांचे केरोबाला शिव्या देण्यावर मात्र एकमत झाले. मातीची ढेकळे आली. एक त्याच्या खांद्याला लागले.

राजा उठून उभा राहिला तसा गलका थांबला. "मग आता जागा कुठली, ते तरी सांग."

"ते सांगायचा हक्क माझा राहिला नाही, महाराज. पण कुठलीही धरा, तिथून ज्याला उठावं लागणार त्याला आधी दरबारात बसवा. शेठजींना मागून."

एवढे बोलून केरोबाने वहाणा काढल्या आणि तो अनवाणी मांडवाबाहेर पडला. कोणी वाट दिली नाही. त्याला लोकांच्या अंगांतून घुसत जावे लागले.

वाद पुन्हा दरबारात गेला. या वेळी कुंभार बसले, माळी बसले, परीट बसले. बोलायला माणसे वाढली तशी भांडणेही वाढली आणि राजा कितीदा तरी डोके धरून बसला. शेवटी वेशीबाहेरचा खडकाळ माळ ठरला. आधी त्याचे कोणी नावही काढले नव्हते, कारण तो दोन्ही शेठना सारखाच गैरसोयीचा होता. तिथे मेंढरे चारणाऱ्या धनगरांना विचारले. त्यांनी मेंढरांना जायला वाट मागितली, ती सोडून पायऱ्या बांधल्या. दोन्ही पेठांचे लोक आजही तिथपर्यंत पाय ओढत जातात आणि जाता-येता केरोबाच्या नावाने खडे फोडतात.

मांडव मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी केरोबा कुंभारआळीत गेला होता. ठकूबाई एकटीच भट्टी पुन्हा रचत होती. तो तिला विटा उचलून देऊ लागला. तिने चार थर रचले.

मग म्हणाली, "पंच, माझ्या दारात तुम्ही आलात, त्याच दिवशी तुम्हांला कळलं होतं ना?"

"हो," केरोबा म्हणाला.

"मग त्याच दिवशी बोलला असतात, तर ही उभी असती."

केरोबाने पुढची वीट उचलून तिच्या हातात दिली.

तात्पर्य: भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध उभे राहणे म्हणजे न्याय नव्हे, जो गप्प आहे त्याला विचारावे, आणि चूक उमगली की नाव जाईल या भीतीने थांबू नये, कारण आपण थांबतो तेवढ्या वेळात दुसऱ्याचे घर पडते.